विश्लेषण : दहा जणींचं माळवं, एकाचा सातबारा... गटाने जमीन खंडाने घेताना काय पाहावे?

तोंडी बोलीवर घेतलेल्या तुकड्यावर भाजी उगवते, पण नुकसान झाले की कसणाऱ्याचे नाव कुठेच नसते. करार, पाणी आणि गटाचे नियम यांबाबत काय तपासावे, याचा आढावा.

थोडक्यात

• जमीन कोणाची आहे, यावर करार कोणत्या प्रकारचा होईल हे ठरते. गायरान खंडाने मिळत नाही.
• ‘पाडवा ते पाडवा’ हा व्यवहार काही वर्षी बारा महिन्यांपेक्षा लांब असतो. अशा कराराची नोंदणी बंधनकारक आहे.
• गट फुटतात ते बहुतेक वेळा पाण्याच्या पाळीवरून. नियम पेरणीआधी ठरवावेत.

भूम तालुक्यातील ईट आणि परिसरात पावसावरची शेती आणि जोडीला दूध-खवा, हे बहुतेक घरांचे गणित. शेत सोयाबीन, उडीद, तूर किंवा ज्वारीखाली जाते आणि घरातली भाजी आठवडी बाजारातून येते. उन्हाळ्यात दर चढले की ताटातली भाजी आधी कमी होते. त्यामुळे बचत गटातील महिलांनी मिळून अर्धा-एक एकर जमीन खंडाने घ्यावी, प्रत्येकीने एक-दोन गुंठ्यांत माळवं करावे, ही कल्पना गावोगावी चर्चेत येते.

कल्पना चांगली आहे. अडचण येते ती कागदावर. जमीन एकाच्या नावावर, कष्ट दहा जणींचे आणि व्यवहार तोंडी, अशा स्थितीत पीक बुडाले तर पुढे काय?

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीचा धाराशिव जिल्ह्याला, त्यातही भूम आणि परंडा भागाला मोठा तडाखा बसला. उभी पिके गेली, अनेक ठिकाणी माती खरडून गेली. अशा वेळी पंचनामा होतो तो सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नावाने आणि मदत जमा होते ती त्याच्याच बँक खात्यात. बटईने किंवा ठोक्याने जमीन कसणाऱ्याला त्यातले काही द्यायचे की नाही, हे मालकाच्या मनावर राहते.

योजनांचेही तेच. पीएम-किसानचे वर्षाचे ६ हजार रुपये जमीनधारक कुटुंबालाच मिळतात. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी ‘फार्मर आयडी’ म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. थोडक्यात, शेतकरी कोण, या प्रश्नाचे सरकारी उत्तर ‘ज्याचा सातबारा तो’ असे आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर घाम गाळणारी बाई या व्याख्येत बसत नाही.

जमीनमालक लेखी करार का टाळतात?

याचे कारण कूळ कायद्यात आहे. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे धाराशिवसह या भागाला १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. पश्चिम महाराष्ट्रातला १९४८ चा कूळ कायदा वेगळा.

दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती ‘कूळ’ मानली जाऊ शकते, हे हैदराबाद कायद्याचे मूळ तत्त्व. त्याला अपवाद आहेत. मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती, मजुरीवर काम करणारा नोकर आणि ताबा असलेला गहाणदार यांना कूळ मानले जात नाही. ‘कसेल त्याची जमीन’ या धोरणातून राज्यात अनेक कुळे मालक झाली. त्या काळाची आठवण गावात अजून ताजी आहे. म्हणूनच ‘कागद केला की जमीन गेली’ ही भीती मालकाच्या मनात असते.

या भीतीचा परिणाम उलटा झाला आहे. कुळाला संरक्षण देण्यासाठी कायदा आला आणि त्याच्याच धास्तीने आजचा कसणारा कागदाबाहेर राहिला. निती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा मांडला, तो याच कोंडीवर उपाय म्हणून. मुदत संपली की जमीन विनाअट मालकाकडे परत जावी आणि मुदतीत कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळावी, असा त्याचा गाभा. मात्र जमीन हा राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारणे राज्यांच्या हातात आहे.

गटाला जमीन कुठून मिळू शकते?

गावात मोकळी दिसणारी प्रत्येक जागा घेता येत नाही. पाच प्रकार वेगळे करून पाहावे लागतात.

• घरची जमीन : सर्वात सोपा मार्ग. पतीच्या किंवा सासऱ्याच्या शेतातील तुकडा पत्नी किंवा सून कसत असेल तर कुळाचा प्रश्न येत नाही, कारण ती कुटुंबातील आहे.

• खासगी जमीन, खंडाने : एका मालकाशी गटाचा लेखी करार. सातबाऱ्यावर एकापेक्षा जास्त नावे असतील तर सर्व सहहिस्सेदारांची संमती घ्यावी. वाटणीचा दावा सुरू असलेली जमीन टाळलेली बरी.

• ग्रामपंचायतीची जागा : सरपंचाने तोंडी ‘करा’ म्हटले म्हणून ती मिळत नाही. ठराव आणि जिल्हा परिषदेच्या पातळीवरची मंजुरी लागते. ठरावाची प्रत गटाकडे असावी.

• गायरान : याचा नाद सोडावा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. त्यानंतर महाराष्ट्रानेही त्याच वर्षी शासन निर्णय काढला. गायरानावर भाजी लावणे हेही अतिक्रमणच ठरू शकते.

• देवस्थानची जमीन : सार्वजनिक न्यासाची शेतजमीन १० वर्षांपेक्षा अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. कमी मुदतीतही विश्वस्तांचा ठराव हवाच. जमीन इनामी असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारावे.

‘पाडवा ते पाडवा’ करारात काय गोम आहे?

मराठवाड्यात शेतीचे साल गुढीपाडव्याला सुरू होते. सालगडी ठेवणे, जमीन बटईने किंवा ठोक्याने देणे हे व्यवहार त्याच सुमारास ठरतात. बटईत खर्च आणि उत्पन्न ठरलेल्या वाट्याने विभागले जाते. ठोक्यात किंवा खंडात वर्षाची रक्कम आधी ठरते, पीक येवो न येवो. भाजीपाल्याच्या गटासाठी खंड सोयीचा, कारण रोज निघणाऱ्या दोन जुड्या मेथीची वाटणी कोण आणि कशी करणार?

पण पाडवा तिथीने येतो. २०२६ चा पाडवा १९ मार्चला, तर २०२७ चा ७ एप्रिलला. मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने हे साल तेरा महिन्यांचे. नोंदणी कायदा, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा सालोसाल चालणारा भाडेपट्टा नोंदवणे बंधनकारक आहे. म्हणजे ‘एका सालाचा साधा कागद’ समजून केलेला हा करार प्रत्यक्षात नोंदणीच्या कक्षेत जातो. नोंदणी नसेल तर वादात तो कागद कमकुवत ठरतो.

यावर उपाय सोपा आहे. करारात तिथीबरोबर इंग्रजी तारखाही लिहाव्यात. मुदत तीन ते पाच वर्षे ठेवावी आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करावी. पहिले वर्ष तण, दगड आणि पाण्याची सोय यातच जाते. ज्या वर्षी माती सुधारते त्याच वर्षी जमीन सोडावी लागली, तर शेणखताचा फायदा पुढच्याला होतो.

नोंदणीचा खर्च कशासाठी करायचा?

पीक विमा हे पहिले कारण. पंतप्रधान पीक विमा योजनेत कुळाने किंवा भाडेपट्ट्याने शेती करणाराही भाग घेऊ शकतो, मात्र त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. मुद्रांकावर लिहून नोटरीकडून शिक्का मारलेला कागद यासाठी चालत नाही. आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी. विमा अधिसूचित पिकांनाच मिळतो. मेथी, पालक, दोडका त्यात बसत नाहीत. पण त्याच जमिनीत खरिपाला तूर किंवा उडीद घेतला तर करार उपयोगी पडतो.

दुसरे कारण कर्ज. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी भाडेपट्टेदार, बटईदार आणि त्यांचे संयुक्त देयता गट पात्र आहेत. नाबार्डच्या रचनेनुसार असा गट ४ ते १० जणांचा असतो आणि परतफेडीची हमी सदस्य एकमेकांसाठी देतात. नियमात तोंडी व्यवहार चालत असला, तरी बँकेच्या खिडकीवर लेखी करार असलेल्या गटाचे काम अधिक सोपे होते.

तिसरे कारण वहिवाटीची नोंद. खातेदाराऐवजी दुसरी व्यक्ती जमीन कसत असेल तर त्याची माहिती तलाठ्यामार्फत, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यामार्फत तहसीलदारांकडे जाते आणि चौकशीनंतर नोंदीचा निर्णय होतो. मालक बिचकतो तो इथेच. म्हणून ‘मुदतीनंतर जमिनीवर कोणताही हक्क सांगणार नाही’ हे कलम करारात स्पष्ट असावे. अशा कलमाने कायदा बदलत नाही. त्यामुळे मसुदा वकिलाला दाखवून आणि तहसील कार्यालयात परवानगीबाबत विचारूनच सही करावी. मालकाची भीती खोटी ठरवण्यापेक्षा ती कागदावर मांडून सोडवलेली बरी.

धाराशिवमध्ये असा प्रयोग झाला आहे का?

झाला आहे, आणि तो जगभर गाजला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात महिलांना पुनर्वसनाच्या कामात पुढे आणणाऱ्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे दुष्काळाच्या वर्षांत ‘एक एकर शेती’चे प्रारूप रुजवले. प्रेमा गोपालन या संस्थेच्या संस्थापक. तुळजापूर तालुक्यातील गंधोरा गावच्या गोदावरी डांगे या कामाचा ओळखीचा चेहरा.

यात महिलेने घरच्यांकडून अर्धा ते एक एकर जमीन स्वतःच्या निर्णयाने कसण्यासाठी मागून घ्यायची. तिथे एकच नगदी पीक न घेता भाजीपाला, कडधान्ये, तृणधान्ये मिसळून लावायची. घरचे बियाणे, गांडूळ खत, जीवामृत, ठिबक किंवा तुषार असा कमी खर्चाचा आणि कमी पाण्याचा मार्ग धरायचा. आधी घरचे ताट, मग बाजार. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला.

या प्रारूपाने मालकीचा वाद बाजूला ठेवून निर्णयाचा हक्क आधी मिळवला. घरचीच जमीन असल्याने कूळ कायद्याचा अडथळा आला नाही. पण मालकीचा प्रश्न त्यामुळे मिटला असे नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सरकारी सोय १९९२ पासून आहे. नाव लागले की ओळख क्रमांक, विमा, मदत या सगळ्या दारांची किल्ली हातात येते. घरची जमीन असलेल्या कुटुंबासाठी भाडेकरारापेक्षा हा मार्ग अधिक पक्का.

भूमिहीन घरांसाठी मात्र खंडाने घेतलेली जमीन हाच पर्याय उरतो. केरळमध्ये कुडुंबश्री अभियानातील महिलांचे गट अशाच भाड्याच्या जमिनीवर सामूहिक शेती करतात. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांच्या अभ्यासात केरळमधील हे गट बहुतांश पुरुष चालवत असलेल्या वैयक्तिक शेतांपेक्षा हेक्टरी उत्पन्नात सरस ठरले. त्यामागे गटांना मिळालेले प्रशिक्षण, बँक कर्ज आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा आधार होता. नुसत्या एकीने ते घडलेले नाही.

किती जागा, किती पाणी लागेल?

एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा साधारण १०० चौरस मीटर. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्यानुसार स्थानिक परिषदा नागरिकांना भाड्याने देतात तो भाजीचा पारंपरिक तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे अडीच गुंठ्यांचा. जर्मनीत अशा बागेची कमाल मर्यादा ४०० चौरस मीटर आहे. आपल्याकडे एका कुटुंबाला दोन गुंठे सुरुवातीला पुरेसे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्यांची शिफारस आहे. पाच जणांच्या घराला रोज दोन किलो. दोन गुंठ्यांत वर्षभर एवढे निघेलच असे नाही, पण हंगामात बाजारावरचा भार बराच हलका होतो.

खरा हिशेब पाण्याचा. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर. भाजीला हिवाळ्यात दिवसाला साधारण ४ आणि कडक उन्हाळ्यात ७ मिलिमीटर पाणी धरले, तर हिशेब असा :

• दोन गुंठे, हिवाळा : रोज ८०० लिटर
• दोन गुंठे, उन्हाळा : रोज १,४०० लिटर
• दहा जणींचे २० गुंठे, उन्हाळा : रोज १४ हजार लिटर

म्हणजे एप्रिल-मेमध्ये दररोज एका मोठ्या टँकरएवढे पाणी. अवर्षणप्रवण भागात विहिरी मार्चनंतर तळ गाठतात. त्यामुळे जमीन पसंत करताना विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते, हे शेजाऱ्यालाही विचारावे. उन्हाळ्यात क्षेत्र एक चतुर्थांशावर आणणे, पाचटाचे किंवा सोयाबीनच्या भुसाचे आच्छादन करणे आणि ठिबक जोडणे हे उपाय आधीच ठरवावेत.

पाण्याची प्रतही पाहावी. मुंबईत रेल्वेमार्गालगतच्या पट्ट्यांवर रेल्वे कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी जागा दिली जात असे. तिथे सांडपाण्यावर पालेभाज्या पिकवल्या जात असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. गावातही गटाराच्या तोंडाशी असलेली जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये.

करारात कोणते मुद्दे लिहावेत?

• गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि जमिनीचा साधा नकाशा
• मुदतीच्या दोन्ही तारखा, खंडाची रक्कम, ती देण्याचे टप्पे आणि पावती
• विहीर किंवा बोअरचे पाणी कोणत्या दिवशी, किती तास. वीजजोडणी कोणाच्या नावे आणि बिल कोणाकडे
• पीक बुडाल्यास खंडात सूट मिळेल का. सरकारी मदत आली तर ती कशी वाटायची
• शेवगा, लिंबू, कढीपत्ता अशी झाडे लावता येतील का. मुदतीनंतर ती कोणाची
• ठिबक, तारेचे कुंपण, पाण्याची टाकी गटाला नेता येईल का
• मालकाने जमीन विकली तर उभ्या पिकाचे काय

यातला चौथा मुद्दा सर्वात जास्त टाळला जातो आणि नंतर सर्वात जास्त भांडण त्यावरूनच होते.

गट टिकवायचा कसा?

सामायिक साधने लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही समान गोष्टी आढळल्या : हद्द स्पष्ट, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, देखरेख आपापसांत, दंड आधी लहान मग मोठा आणि तंटा सोडवण्याची जवळची, स्वस्त जागा.

दहा जणींच्या माळव्याला हे जसेच्या तसे लागू पडते. वाफे आणि पायवाटा दोरी लावून आखाव्यात. कोणता तुकडा कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. विहिरीजवळचा तुकडा कायम एकीकडे राहू नये म्हणून तो वर्षाला बदलावा. पाण्याच्या पाळीचे वेळापत्रक लिहून लावावे आणि वीज रात्रीची असेल तर दोघींची जोडी ठेवावी. तीन आठवडे खुरपणी झाली नाही तर आधी सूचना, मग दंड, त्यानंतर तुकडा प्रतीक्षा यादीतील दुसरीला द्यावा. मात्र बाळंतपण, आजारपण किंवा ऊसतोडीला गेलेल्या घरासाठी सवलत नियमातच असावी. नाही तर ज्यांना या भाजीची गरज सर्वाधिक, त्याच आधी बाहेर पडतील.

लागवडीचे साधे वेळापत्रक असे ठेवता येते. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, दोडका, वांगी, मिरची. हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर, मुळा, कांदा. उन्हाळ्यात थोड्या क्षेत्रावर चुका, राजगिरा, काकडी. एकाच तुकड्यात वांगी, टोमॅटो, मिरची लागोपाठ घेऊ नये, कारण या एकाच कुळातील पिकांचे रोग मातीत टिकून राहतात. खताचा खड्डा सामायिक असावा. कीटकनाशक फवारायचे असेल तर सर्वांना विचारून, कारण फवारा शेजारच्या वाफ्यात जातो आणि ती मेथी त्याच दिवशी कोणाच्या तरी ताटात असते.

मग सुरुवात कुठून करावी?

बियाण्यापासून नाही. पहिल्या आठवड्यात सातबारा आणि आठ-अ काढून सर्व नावे तपासावीत. दुसऱ्या आठवड्यात विहीर, रस्ता आणि जनावरांचा त्रास पाहावा. मग गटाच्या बैठकीत नियम लिहून सह्या घ्याव्यात आणि शेवटी मालकाशी करार करून भूमच्या निबंधक कार्यालयात नोंदणी करावी. ‘उमेद’ अभियानाच्या कृषी सखी परसबागेची आखणी आणि जैविक निविष्ठांबाबत मदत करू शकतात. घरची जमीन असेल तर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा अर्ज याच फेरीत करून टाकावा.

एवढे करायला महिना-दीड महिना जातो. तो उन्हाळ्यात काढला तर मृगाच्या पावसावर भेंडी-गवार टोकता येते आणि त्या वेळी जमीन कोण कसत आहे, याचा कागदही हातात असतो.